‘डॉट बँक डॉट इन’वर ई-मेल नेताना: एका नागरी सहकारी बँकेच्या प्रकल्प नोंदी

२ जून २०२५ : कामाची हद्द

रिझर्व्ह बँकेच्या २२ एप्रिलच्या परिपत्रकानुसार सर्व बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ डोमेनवर जायचे आहे. नोंदणी फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या बँकिंग तंत्रज्ञान संस्थेकडे होते. अर्ज गेला आहे. वेबसाइट दुसरा गट पाहतो. या वहीत मेल आणि तो ज्या खासगी क्लाउडवर (बँकेच्याच सर्व्हरवरच्या आभासी यंत्रांवर) चालणार आहे, एवढेच येईल.

कागदावर पाच महिने आहेत, हातात तेवढे नाहीत. २७ ऑगस्टला गणपती, ३० सप्टेंबरला अर्धवार्षिक अखेर, २१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन. प्रत्यक्ष बदल १३ आणि १४ सप्टेंबरला करायचा, म्हणजे दुसरा शनिवार आणि रविवार. तारीख घसरली तर पुढची सुट्टी २७ सप्टेंबरच्या चौथ्या शनिवारी येते, पण ती अर्धवार्षिकाच्या तोंडावर असल्याने उपयोगाची नाही.

कोणता निर्णय कोणी घ्यायचा हे आजच लिहून घेतले. कोणती यंत्रणा बँकेच्या नावाने मेल पाठवू शकेल आणि कोणती नाही, हे सीआयएसओ, म्हणजे माहिती सुरक्षेचे प्रमुख अधिकारी, ठरवतील. ते थेट मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना जबाबदार आहेत, आयटीप्रमुखांना नाहीत. मेल अडला की फोन आयटीला येतो, त्यामुळे आयटीचा कल ‘जाऊ द्या’ असा असणार. पुढे काही मेल मुद्दाम अडवायचे आहेत. दोन्ही अधिकार एकाच खुर्चीत असतील तर ते कधीच अडवले जाणार नाहीत.

५ जून : जुन्या डोमेनवर आधी डीमार्क

जुन्या डोमेनवर एसपीएफ आहे, डीमार्क नाही. एसपीएफ म्हणजे डोमेनच्या नावाने कोणत्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) मेल जाऊ शकतो याची डीएनएसमधली, म्हणजे इंटरनेटच्या नामसूचीतली, यादी. डीकिम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचे काय करायचे हे डीमार्क सांगते. नागरी सहकारी बँकांसाठीच्या ३१ डिसेंबर २०१९ च्या सायबर सुरक्षा चौकटीत डीमार्क पहिल्याच स्तराच्या यादीत आहे, म्हणजे ही जुनी उधारी आहे.

डोमेन सोडायचेच आहे तर त्यावर कष्ट कशाला, असा प्रश्न बैठकीत आला. उत्तर एवढेच की बँकेच्या नावाने आज कोण कोण मेल पाठवते ते जुन्या डोमेनच्या अहवालांतूनच कळेल. म्हणून धोरण ‘नन’ ठेवून रेकॉर्ड टाकला आणि एकत्रित अहवालांसाठी स्वतंत्र मेलबॉक्स दिला. या धोरणात काहीही अडत नाही. मेल घेणाऱ्या मोठ्या सेवा रोज एक दाबलेली एक्सएमएल फाइल पाठवतात. तिच्यात कोणत्या आयपीवरून किती मेल आले, एसपीएफ आणि डीकिमचे काय झाले, हे असते.

एक खबरदारी घ्यावी लागते. अहवाल दुसऱ्या डोमेनवर मागवायचे असतील तर त्या डोमेनच्या डीएनएसमध्येही ‘हे अहवाल आम्हाला चालतील’ असा रेकॉर्ड लागतो. तो नसला तर अहवाल येत नाहीत आणि कुठे चूकही दिसत नाही. म्हणून मेलबॉक्स त्याच डोमेनवर ठेवला.

विभागांकडून मेल पाठवणाऱ्यांची यादी मागवली. सहा नावे आली.

१९ जून : अहवाल काय सांगतात

दोन आठवड्यांत यादी सहावरून अकरावर गेली. सहा नावांत मुख्य मेल सर्व्हर, खातेउतारे पाठवणारा पुरवठादार, ठेव योजनांची माहिती पाठवणारी सेवा, पगारपत्रकाची सेवा, वेबसाइटवरचा तक्रार अर्ज आणि कोअर बँकिंगचे इशारे एवढे होते. अहवालांत आणखी पाच सापडले: शाखांतले स्कॅन करून मेल करणारे प्रिंटर, सीसीटीव्ही रेकॉर्डर, यूपीएसचे इशारे, हजेरीचे यंत्र आणि वसुली विभागाने थेट घेतलेली नोटिशीची सेवा. शेवटच्या सेवेचा करार आयटीकडे आलाच नव्हता. ती कर्जदारांना बँकेच्या नावाने नोटिसा पाठवते, त्यामुळे फसव्या मेलचा सर्वात सोपा साचा तोच ठरेल.

अहवाल वाचण्याची पद्धत ठरली. एसपीएफ नापास आणि डीकिम पास असेल तर बहुधा कोणीतरी मेल पुढे ढकलला आहे. अशा आयपीच्या मागे लागू नये. दोन्ही पास पण डीमार्क नापास असेल तर पुरवठादार स्वतःच्या डोमेनने पाठवतो आहे, त्याचे काम पुढे आहे. दोन्ही नापास असेल तर आपलेच विसरलेले यंत्र तरी असेल किंवा भामटा तरी. यंत्र ओळखायला शाखांचे स्थिर आयपी एका तक्त्यात आणून ताळा केला. पाचपैकी चार असेच सापडले.

२६ जून : एसपीएफची दहाची मर्यादा

एसपीएफ तपासताना मेल घेणारा सर्व्हर डीएनएसमध्ये जास्तीत जास्त दहा शोध करतो. ‘इन्क्लूड’ (दुसऱ्याची यादी आत घेणारा), ‘ए’, ‘एमएक्स’, ‘पीटीआर’, ‘एक्झिस्ट्स’ आणि ‘रीडायरेक्ट’ हे रेकॉर्डमधले संकेत सगळे मोजले जातात. थेट लिहिलेले आयपी मोजले जात नाहीत. एका ‘इन्क्लूड’च्या आत चार असतील तर तेही धरायचे. आपल्या रेकॉर्डमध्ये ‘ए’ आणि ‘एमएक्स’चे दोन, मेल होस्टिंगचे तीन, उताऱ्यांच्या पुरवठादाराचे तीन, योजनांच्या सेवेचे चार, पगारपत्रकाचे दोन, असे चौदा भरले. दहाच्या वर गेले की निकाल ‘कायमची चूक’ येतो, म्हणजे एसपीएफ नसल्यासारखेच. बऱ्याच सेवा तरीही मेल घेतात, म्हणून हे कोणाच्या लक्षात आले नाही.

पुरवठादाराचे सगळे आयपी काढून थेट लिहिण्याचा सोपा उपाय सुचवला गेला, तो नाकारला. पुरवठादार आयपी बदलताना कळवत नाहीत आणि एखाद्या सकाळी उतारे परत येऊ लागतात. ठरले ते असे: नव्या मुख्य डोमेनच्या एसपीएफमध्ये फक्त आपल्या गेटवेचे (मेल आत-बाहेर सोडणाऱ्या सर्व्हरचे) दोन आयपी आणि शेवटी बाकी सगळ्यांना ठाम नकार. प्रत्येक बाहेरच्या पुरवठादाराला स्वतंत्र उपडोमेन, त्याचा एसपीएफ त्याच्यापुरता. करार संपला की उपडोमेन काढून टाकायचे, मुख्य रेकॉर्डला हात लावायचा नाही.

३ जुलै : खासगी क्लाउडचे यंत्र

आभासी यंत्रे चालवणारी प्रणाली बनवणारे व्हीएमवेअर ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतले आणि कायमस्वरूपी परवाने बंद झाले. दरवर्षीच्या वर्गणीचा हिशेब संचालक मंडळापुढे ठेवला, त्यानंतर प्रॉक्समॉक्स (आभासी यंत्रे चालवणारी प्रणाली) आणि सेफ (सगळ्या सर्व्हरच्या डिस्क एकत्र वापरणारी साठवण) या जोडीला मंजुरी मिळाली. मेल बाहेरच्या सार्वजनिक क्लाउडवर न देता स्वतःकडे ठेवायचे हे मंडळाने आधीच ठरवले होते.

तीन सर्व्हर. प्रत्येकी ३२ कोअर, २५६ गिगाबाइट रॅम, ३.८४ टेराबाइटच्या चार एसएसडी. एकूण साठा ४६.०८ टेराबाइट. सेफ प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवते, त्यामुळे वापराला १५.३६ उरतात. ८५ टक्क्यांवर ती इशारा देते आणि ९५ टक्क्यांवर लिहिणे थांबवते. म्हणून बारा टेराबाइट भरले की नव्या डिस्कची मागणी नोंदवायची.

रॅम मोजताना एक सर्व्हर बंद आहे असे धरूनच मोजायचे. दोन सर्व्हरची ५१२ गिगाबाइट. त्यातून प्रत्येक डिस्कमागे सेफला ४, म्हणजे दर सर्व्हरला १६, आणि मूळ प्रणालीला ८. उरतात ४६४. आभासी यंत्रांना आज ३०० दिली आहेत. ७६८ पाहून वाटप केले तर पहिला सर्व्हर पडला त्याच दिवशी बाकीचे दोन गुदमरतील.

तीन सर्व्हर आणि तीन प्रती अशी मांडणी असली की एक सर्व्हर पडल्यावर तिसरी प्रत ठेवायला जागाच नसते. दोन प्रतींवर काम चालू राहते, पण आणखी एक पडला की लिहिणे थांबते. चौथ्या सर्व्हरची तरतूद पुढच्या अंदाजपत्रकात मागितली आहे.

१४ जुलै : दोन बिघाड

पहिला बिघाड डिस्कचा. चाचणीत मेल साठवायला फार वेळ लागत होता. फिओ या साधनाने ४ किलोबाइटचे, एका वेळी एकच, ताबडतोब डिस्कवर टेकणारे लिखाण मोजले तर सेकंदाला काही शेच होत होते. आलेल्या एसएसडींमध्ये वीज गेल्यावर तात्पुरता साठा वाचवणारे कपॅसिटर नव्हते. अशी डिस्क प्रत्येक वेळी खरोखर लिहून होईपर्यंत थांबते. कपॅसिटर असलेली डिस्क माहिती पोचल्याबरोबर पोच देते आणि तीच चाचणी तिच्यावर कित्येक हजारांत जाते. सेफ प्रत्येक लिखाणाची अशी पोच मागते, म्हणून हा फरक सगळीकडे दिसतो. खरेदी आदेशात फक्त आकार आणि ‘एंटरप्राइझ’ हा शब्द होता. डिस्क बदलून घेतल्या. पुढच्या आदेशात ‘वीज गेल्यावर साठा वाचवण्याची सोय’ अशी वेगळी ओळ आणि फिओची किमान मर्यादा लिहायची.

दुसरा बिघाड नेटवर्कचा. डिस्क बदलताना सेफची माहिती इकडून तिकडे हलत होती, तेवढ्यात दोन सर्व्हर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाले. सर्व्हर एकमेकांची हजेरी घेतात ते कोरोसिंक सेफच्याच तारांवर ठेवले होते. ते वेळेबाबत फार हळवे आहे, काही मिलिसेकंदांच्या वर उशीर गेला की शेजारी मेला असे धरते. तीनपैकी दोन मते न दिसलेला सर्व्हर सुमारे मिनिटभरात स्वतःला बंद करून पुन्हा सुरू होतो. ते बरोबरच आहे, नाहीतर एकच यंत्र दोन ठिकाणी चालेल. आता कोरोसिंकला वेगळे एक गिगाबिटचे पोर्ट आणि वेगळा स्विच दिला. सेफचे २५ गिगाबिट त्याच्यापासून तोडले.

२२ जुलै : गेटवे

दोन गेटवे, दोन वेगळ्या सर्व्हरवर. एकत्र एकाच सर्व्हरवर येऊ नयेत असा नियम लावला. दोन्हींचे बाहेरचे आयपी वेगवेगळ्या इंटरनेट कंपन्यांचे.

उलट्या डीएनएस नोंदी (आयपीवरून नाव सांगणाऱ्या) त्या कंपन्याच करू शकतात, आपल्या हातात नसतात. अर्ज आजच पाठवला. ही नोंद, गेटवे स्वतःची ओळख सांगतो ते नाव आणि त्या नावाचा आयपी, तिन्ही जुळले पाहिजेत. कंपनीने दिलेली आकड्यांची नोंद तशीच ठेवली तर जीमेल मेल नाकारू शकते.

१ ऑगस्ट : डीकिम आणि मराठी मेल

२०४८ बिटची किल्ली केली. सार्वजनिक भाग ३९२ अक्षरांचा होतो आणि डीएनएसच्या एका तुकड्यात २५५ अक्षरेच मावतात. दोन तुकडे अवतरणांत लागोपाठ द्यायचे, मध्ये काही नको. एका डीएनएस पॅनेलने शेपूट गुपचूप कापली, म्हणून बाहेरून वाचून अक्षरे मोजली. सिलेक्टरला, म्हणजे कोणती किल्ली वापरली ते सांगणाऱ्या खुणेला, महिना आणि वर्षाचे नाव दिले. सहा महिन्यांनी नवी किल्ली करायची, जुनी आणखी सात दिवस डीएनएसमध्ये ठेवायची, कारण उशिरा पोचणारे मेल तिनेच तपासले जातात.

चाचणीत इंग्रजी मेल पास आणि मराठी नोटिसा नापास. शोधायला दोन दिवस गेले. नोटिशी पाठवणारी प्रणाली देवनागरी मजकूर थेट आठ बिटांत देते. त्यावर सही होते. पुढचा सर्व्हर आठ बिट घेत नसेल तर आपला सर्व्हर पाठवताना मजकूर सात बिटांत बदलतो. मजकुराचा हॅश (त्यावरून काढलेला ठसा) बदलतो आणि सही मोडते. इंग्रजी मजकूर मुळातच सात बिटांचा, म्हणून तो सुटतो. उपाय: सहीच्या आधी सगळे मेल सात बिटांच्या रूपात आणायचे. मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्या प्रत्येक बँकेने ही चाचणी घ्यावी, आणि ‘ळ’, ‘ॲ’, ‘₹’ असलेले मेलच वापरून घ्यावी.

‘हा मेल गोपनीय आहे’ ही तळटीप जुन्या सर्व्हरवर सहीनंतर जोडली जात होती. तोच आजार. सही आता सर्वात शेवटच्या टप्प्यावर, गेटवेवरच होते.

१२ ऑगस्ट : जुळणी

डीमार्कला एसपीएफ किंवा डीकिम पास होऊन भागत नाही. ज्या डोमेनसाठी ते पास झाले ते ग्राहकाला ‘कडून’ या ओळीत दिसणाऱ्या डोमेनशी जुळायला हवे. उताऱ्यांचा पुरवठादार मेलच्या पाकिटावर (ग्राहकाला न दिसणाऱ्या परतपत्त्यात, एसपीएफ त्यावरच तपासले जाते) स्वतःचे डोमेन लिहितो आणि सहीही स्वतःचीच करतो. दोन्ही पास, डीमार्क नापास. त्याच्या तंत्रज्ञांनी ‘आमच्याकडे सगळे हिरवे आहे’ असे कळवले, ते त्यांच्यापुरते खरे आहे. मार्ग असा काढला: उताऱ्यांच्या उपडोमेनवर सिलेक्टरची नोंद सीनेमने (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या डीएनएस नोंदीने) पुरवठादाराकडे वळवायची, मग तो त्या उपडोमेनच्या नावाने सही करतो आणि किल्ल्याही स्वतः बदलतो. ‘कडून’ ओळीतही तेच उपडोमेन.

जुळणी सैल ठेवायची की कडक? सैल जुळणीत डोमेनचे मूळ सारखे असले तरी चालते आणि मूळ कोणते हे मेल घेणारा सर्व्हर ‘को डॉट इन’सारख्या सार्वजनिक प्रत्ययांच्या यादीवरून ठरवतो. ‘बँक डॉट इन’ हा नोंदणीचा प्रत्यय आहे हे ज्याच्या जुन्या यादीत नसेल तो ‘बँक डॉट इन’लाच मूळ धरेल. मग शेजारच्या कुठल्याही बँकेची सही आपल्या नावाशी जुळली असे त्याला वाटेल. दुसऱ्याच्या यादीवर विसंबायचे नाही. एसपीएफ आणि डीकिम दोन्हींची जुळणी कडक केली आणि प्रत्येक उपडोमेनला स्वतःचा डीमार्क रेकॉर्ड दिला.

वसुलीच्या नोटिशीची सेवा डीकिम देऊ शकत नाही. सीआयएसओंनी ३१ ऑगस्टपर्यंत मुदत दिली, नंतर नोटिसा आपल्याच गेटवेतून जातील. वसुली विभागाने वर्षअखेरपर्यंत सूट मागितली होती, ती नाकारली.

२५ ऑगस्ट

संचालकांचे मेल त्यांच्या खासगी पत्त्यांवर आपोआप ढकलणे बंद केले. ढकललेल्या मेलला एसपीएफ टिकत नाही आणि बँकेची कागदपत्रे बँकेबाहेर साठतात, हे दुसरे कारण जास्त मोठे. त्याऐवजी मोबाइलवर मेल आणि दोन टप्प्यांची ओळख.

१ सप्टेंबरपर्यंत कोणताही बदल नाही.

१३ व १४ सप्टेंबर : बदल

गुरुवारी, ११ तारखेला, एमएक्स नोंदीचा (डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे जावा ते सांगणाऱ्या डीएनएस नोंदीचा) टिकाव, म्हणजे दुसरे सर्व्हर ती लक्षात ठेवतात तो वेळ, ८६,४०० सेकंदांवरून ३०० वर आणला. तो किमान चोवीस तास आधी उतरवावा लागतो. आयत्या वेळी उतरवला तर जुना आकडा दुसऱ्यांच्या सर्व्हरवर दिवसभर तसाच राहतो.

मेलबॉक्स आयमॅपसिंक या साधनाने नेले. पहिली फेरी गुरुवारपासून, शनिवारी दुपारी फक्त फरक. मग एमएक्स बदलला, जुने सर्व्हर वाचनापुरते ठेवले, रविवारी शेवटची फेरी. प्रत्येक खात्याला जुना पत्ता टोपणनावासारखा जोडला, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला मेल त्याच पेटीत पडतो.

अडले कुठे? तीन शाखांचे प्रिंटर टीएलएसची (वाटेत मेल गुप्त ठेवणाऱ्या पद्धतीची) जुनीच आवृत्ती बोलतात. त्यांच्यासाठी गेटवे सैल केला नाही. आतल्या नेटवर्कपुरता वेगळा लहान सर्व्हर दिला, तो फक्त बँकेच्याच पत्त्यांवर मेल देतो. जीएसटी, आयकर आणि नियामकांच्या पोर्टलवर नोंदवलेले पत्ते अजून जुने आहेत. ही यादी लेखा विभागाकडे दिली, प्रत्येक पोर्टलसमोर जबाबदार व्यक्तीचे पद लिहून. जुने डोमेन कधीच सुटू द्यायचे नाही, हे याच कारणाने. ते दुसऱ्याच्या हाती गेले तर या पोर्टलांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे त्याच्या पेटीत पडतील. नूतनीकरण दहा वर्षांचे मागितले.

२२ सप्टेंबर : ‘क्वारंटाइन’

आठवडाभर नव्या डोमेनच्या अहवालांत आपला एकही स्रोत नापास नाही. धोरण ‘क्वारंटाइन’वर, म्हणजे नापास मेल संशयित म्हणून बाजूला. ठराविक टक्के मेलनाच धोरण लावण्याची सोय वापरली नाही, कारण मेल घेणाऱ्या सेवा ती एकसारखी पाळत नाहीत आणि अहवालांचा अर्थ लावणे कठीण होते. नोंद न केलेल्या उपडोमेनांसाठी धोरण आजपासूनच ‘रिजेक्ट’, म्हणजे नापास मेल थेट नाकारायचा. तिथून कोणी मेल पाठवायचाच नाही, मग थांबायचे कशाला?

६ ऑक्टोबर : ‘रिजेक्ट’

अर्धवार्षिक पार पडले. ३० सप्टेंबरचे उतारे नीट पोचले. सीआयएसओंच्या सहीने मुख्य डोमेन ‘रिजेक्ट’वर गेले. सोबत एक पानाची पद्धत: नवी मेल सेवा घेणाऱ्या विभागाने करारापूर्वी अर्ज करायचा, पुरवठादाराने आपल्या उपडोमेनची डीकिम सही करून दाखवायची, मगच खरेदी आदेश निघेल. लेखा विभाग हा कागद पाहिल्याशिवाय बिल काढणार नाही. ही शेवटची अट सर्वात महत्त्वाची.

१५ ऑक्टोबर : येणारे मेल

डीमार्क आपल्या डोमेनची नक्कल थांबवते. एका अक्षराच्या फरकाचे डोमेन किंवा फुकटच्या खात्यावर अध्यक्षांचे नाव लावून आलेला मेल ते थांबवत नाही, कारण तो मेल स्वतःच्या डोमेनसाठी खराच असतो. म्हणून गेटवेवर वेगळे नियम: संचालक आणि अधिकाऱ्यांची नावे बाहेरच्या पत्त्यासोबत आली तर अडवून ठेवणे. नावे देवनागरीत आणि रोमनमध्ये, वेगवेगळ्या स्पेलिंगसह यादीत घातली. आयएसओ, एलएनके आणि एचटीएमएल जोडण्या बंद. पासवर्डची झिप फाइल अडवून ठेवायची आणि शाखाधिकाऱ्याने मागितल्यावर तपासून सोडायची.

मेलवर आलेल्या आरटीजीएसच्या सूचनेवर पैसे जाणार नाहीत. खात्यात आधीच नोंदवलेल्या क्रमांकावर शाखेने फोन करायचा, मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नाही. ग्राहकाचा मेलबॉक्सच चोरला गेला असेल तर सगळ्या सह्या खऱ्या ठरतात, तिथे हा फोनच कामाला येतो.

सर्टइन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस भारतातच ठेवायचे, घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची. गेटवेचे लॉग वेगळ्या यंत्रावर जातात, सर्वांची घड्याळे एकाच वेळेला बांधली आहेत. सहा तासांत कोण कळवणार, त्याच्या जागी दुसरा कोण, दोन्ही पदे फलकावर लिहिली. दिवाळीच्या आठवड्याची पाळी वेगळी लावली.

३० ऑक्टोबर : उरलेले

जुन्या डोमेनचा एसपीएफ ‘कोणीही नाही’, डीमार्क ‘रिजेक्ट’. एमएक्स चालू, मेल घेतो, पाठवत नाही. बदलाच्या आठवड्यात हे केले असते तर राहिलेली यंत्रे गप्प पडली असती. आज अहवालांत जुन्या डोमेनवर फक्त भामटे उरले आहेत.

एमटीए-एसटीएस (आपल्याकडे येणारा मेल टीएलएसनेच यावा असे सांगणारे धोरण) ‘चाचणी’ अवस्थेत ठेवले, टीएलएसचे अहवाल चार आठवडे पाहून सक्तीवर नेऊ. त्या धोरणाची फाइल जिथे आहे त्या वेबसाइटचे प्रमाणपत्र संपले तर नवे धोरण कोणाला वाचता येत नाही, म्हणून ते प्रमाणपत्र देखरेखीत घातले.

बॅकअप दुसऱ्या केंद्रातला सर्व्हर रोज रात्री स्वतः ओढून घेतो. मुख्य क्लाउडकडे त्या सर्व्हरचा पासवर्डच नाही, म्हणजे इथे घुसलेल्याला तिथले काही पुसता येणार नाही. काल एक संपूर्ण मेल सर्व्हर तिकडे उभा करून पाहिला. यंत्र उठले, पण मेल वाचता येईना, कारण डिस्कच्या कुलपाची किल्ली फक्त मुख्य केंद्राच्या तिजोरीत होती. दुसरी प्रत मोहोरबंद पाकिटात तिकडे पाठवली. पुढची चाचणी १४ नोव्हेंबरला, ते पाकीट उघडूनच.